वापरलेला सॅमसंग एस२३ फोन, विकणारा नागपुरातल्या मानेवाड्याचा. रविवारी पाहायला जातोय, काय काय तपासू?

रामनगरचा_राही · बुधवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. माझा सध्याचा फोन दुपारी दोनलाच मान टाकतो. नवीन चांगला घ्यायचं बजेट नाही, २६ हजारांच्या वर एक रुपया नाही. तेवढ्या पैशात दुकानात मधल्या दर्जाचा नवा येतो, म्हणून वापरलेला सॅमसंग एस२३ पाहून राहिलो आहे. मानेवाडा रिंग रोडकडचा एक जण आहे. ८ जीबी, १२८ जीबी, जाहिरातीत २५,५०० लिहिलंय. फोटोत एकदम चकाचक. बॉक्स आहे, बिल "शोधतो" म्हणाला.

रविवारी सकाळी भेटायचं ठरलंय. चरे, बॅटरी, कॅमेरा एवढं मला कळतं. बाकी काय पाहायचं? घरी तर एकच चाललंय, अनोळखी माणसाकडून काहून घेता?

तर्रीपोहे_डबल · बुधवार, रात्री ९.५८

"बिल शोधतो" म्हणजे बिल नाही. पुढचा पाहा.

मोदी_नंबरवाला · बुधवार, रात्री ११.२०

दुकान बंद करून आत्ता घरी आलो, म्हणून उशीर. मी बर्डीत मोदी नंबरच्या गल्लीत बारा वर्षांपासून रिपेरिंग करतो. राहीभाऊ, तुमचा सगळा जीव चऱ्यांवर आहे. चरा पडलेला फोन चालतो. फोन तुमच्या नावावर न होणं, ही खरी गोची. माझ्या काउंटरवर महिन्याला पाच-सात जण येतात, हातात नवाकोरा दिसणारा सेट, आणि स्क्रीनवर जुन्या मालकाच्या गुगल अकाउंटचा पासवर्ड मागून राहिलेला असतो. विकणारा फोन उचलत नाही. असा फोन म्हणजे काचेची पाटी.

हे का होतं ते समजून घ्या. अँड्रॉइड ५.१ पासून गुगलनं चोरीविरोधी कुलूप दिलंय. सेटिंगमध्ये जाऊन, लॉकचा पिन टाकून रिसेट मारला तर अकाउंट नीट निघतं. पण बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट मारला तर फोन पुसला जातो, अकाउंट मात्र आतल्या आत चिकटून राहतं. चोराजवळ पिन नसतो, म्हणून तो दुसरा रस्ता धरतो. म्हणून "मी रिसेट करूनच आणलाय भाऊ, एकदम क्लीन" असं कोणी म्हटलं की मला आधी घाम फुटतो. तुम्ही सांगायचं, फोन चालू असू द्या, तुमचे फोटो, तुमचं व्हॉट्सॲप सगळं असू द्या, माझ्यासमोर काढा. ज्याचा फोन आहे त्याला त्याचा पिन पाठ असतोच.

सॅमसंगमध्ये गुगलच्या जोडीला सॅमसंग अकाउंट वेगळं असतं. तेही बाहेर काढायला लावा. लोक हे हमखास विसरतात.

रिसेट झाल्यावर तिथेच बसून आपला हॉटस्पॉट देऊन होम स्क्रीनपर्यंत जा. "वायफाय नंतर जोडा" म्हणून पुढे ढकलू नका. काही कुलपं नेट मिळाल्यावरच जागी होतात. पैसे त्यानंतर.

हार्डवेअरचं उद्या लिहितो, जेवायचं आहे.

रामनगरचा_राही · गुरुवार, सकाळी ८.१५

बाप्पा! हे काहीच माहीत नव्हतं. म्हणजे त्याचे फोटो वगैरे कॉपी होईपर्यंत मी तिथे बसून राहायचं? तास-दोन तास?

मोदी_नंबरवाला · गुरुवार, सकाळी ८.४०

बसायचं. २५ हजार कमवायला किती तास लागले?

वर्ध्याचा_पोट्टा · गुरुवार, सकाळी १०.०५

मायासंग झालेली गोष्ट सांगतो राजेहो. होस्टेलवरच्या एका पोट्ट्याच्या ओळखीतून ९ हजाराले फोन घेतला होता. बिल नाई, बॉक्स नाई, "मामाचा हाय" म्हणे. दोन महिने मस्त चालला. एक दिवस नेटवर्कच गेलं. मले वाटलं रिचार्ज संपला. दुसरं सिम टाकलं, तिसरं टाकलं, काईच नाई. सिम काढून जुन्या डबड्यात टाकलं आन् मेसमंदी वरण-भात खाऊन राह्यलो होतो, तं पोलिसाइचा फोन. तुमचं सिम ज्या हँडसेटमंदी चाललं तो हरवल्याची तक्रार हाय, सेट घेऊन या. मले वाटलं कोणीतरी फिरकी घेऊन राह्यला, म्या कट केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

गेलो. साहेब चांगले होते, ओरडले नाई. फोन जमा केला, जबाब लिहून घेतला, कोणापासून घेतला ते इचारलं. "मामा"चा पत्ता मले तरी कुठं माहीत? फोनबी गेला, ९ हजारबी गेले, आन् घरी बापाले सांगाव लागलं ते येगळंच.

तर्रीपोहे_डबल · गुरुवार, सकाळी १०.११

मामानं मामा बनवला.

वऱ्हाडी_वकील · गुरुवार, दुपारी १.३०

कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडक्यात.

पोट्ट्या, तू स्वस्तात सुटलास. चोरीचा माल जवळ बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भादंविचं ४११ होतं. मात्र माल चोरीचा आहे हे माहीत असणं, किंवा तसं मानायला सबळ कारण असणं, हे सिद्ध व्हावं लागतं. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य ज्याच्याकडे कागद आहे त्याच्या तोंडी शोभतं. ज्यानं २५ हजारांचा फोन ९ हजारांत, बिलाशिवाय, रात्री आठला चौकात उभं राहून घेतला, त्याला सरकारी वकील विचारणारच की एवढा स्वस्त का, हे तुमच्या मनात आलं नाही का?

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही पण आहे. चोरानं विकलेल्या मालाची मालकी तुमच्याकडे येत नाही, तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पूर्ण पैसे मोजले तरी. वस्तू विक्री कायदा १९३० चा आहे, त्यात हे तत्त्व आहेच. ज्याच्याकडे मालकी नाही तो ती तुम्हाला देणार कुठून? खरा मालक उभा राहिला की फोन त्याचा. तुमचे पैसे तुम्ही विकणाऱ्याकडून वसूल करायचे, आणि त्यासाठी तो सापडायला हवा.

म्हणून साधा कागद करा. स्टॅम्प वगैरे काही लागत नाही. तारीख, दोघांची नावं-पत्ते, मॉडेल, दोन्ही आयएमईआय (म्हणजे फोनचे ओळख क्रमांक), रक्कम, पैसे कसे दिले, आणि "हा फोन माझ्या मालकीचा असून त्यावर कुठलंही कर्ज वा तक्रार नाही" हे एक वाक्य. दोघांच्या सह्या. ओळखपत्राची प्रत घ्या. तो आधार द्यायला कचरत असेल तर मास्क्ड आधार चालेल, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. कचरणं समजू शकतो, सही करायला नकार समजू शकत नाही.

रामनगरचा_राही · गुरुवार, दुपारी २.०५

धन्यवाद वकीलसाहेब. फोन चोरीचा आहे की नाही हे आधी कळायचा काही मार्ग?

मोदी_नंबरवाला · गुरुवार, दुपारी ३.१०

आहे, आणि फुकट आहे. फोनवर *#०६# डायल करा, १५ अंकी आयएमईआय दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही पाहायचे. मग स्वतःच्या मोबाईलवरून इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो आयएमईआय, असा मेसेज १४४२२ ला टाका. उत्तर येतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आणि ॲपवरही हीच सोय आहे. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर चहाही न पिता निघा.

फक्त एक करा. आयएमईआय डायल करूनच काढा, तो सांगतो तो किंवा बॉक्सवरचा धरू नका. मग फोनचा, बॉक्सचा आणि बिलाचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळवा. परवा एक बाई आल्या होत्या, शेवटचे तीन अंक सोडून बाकी सगळं सारखं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या सेटचा बॉक्स होता.

वऱ्हाडी_वकील · गुरुवार, दुपारी ३.२५

पुरवणी जोडतो. उत्तर ठीक आलं म्हणजे "तक्रार नोंदलेली नाही" एवढंच. मालकानं अजून तक्रार केलीच नसेल तर तो फोनही स्वच्छच दिसणार. पोट्ट्याचं तेच झालं असावं. पोर्टलवर विनंती नोंदली की साधारण २४ तासांत सेट देशभरातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. म्हणून मेसेज आणि कागद दोन्ही लागतात.

आणि आयएमईआय बदलून देतो असं कोणी म्हटलं तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रामनगरचा_राही · गुरुवार, रात्री ८.३०

विकणाऱ्याला आयएमईआय मागितला. म्हणाला, "भेटल्यावर पाहा, असा नंबर कोणाला देत नाही." संशय घ्यायचा का?

हिंगणा_टी_पॉइंट · गुरुवार, रात्री ९.००

घ्यायचाच.

गोकुळपेठ_विक्रेता · गुरुवार, रात्री ९.२०

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. मी आजवर चार फोन विकले, कोणालाच आधी आयएमईआय दिला नाही. जाहिरात टाकली की दिवसाला वीस जण मेसेज करतात, त्यातले पंधरा "लास्ट प्राइस?" वाले. त्या पंधरा जणांना माझ्या फोनचा नंबर काहून द्यायचा? त्याचं पुढे कोण काय करेल कोणास ठाऊक. भेटल्यावर डायल करून दाखवतो, समोर मेसेज टाका म्हणतो, अर्धा तास घ्या म्हणतो. घेणारे लोक विकणाऱ्याला चोरच समजून येतात, तोंडावर विचारतात "कुठून आणला?" अरे, पगारातून आणला.

मोदी_नंबरवाला · गुरुवार, रात्री ९.४५

गोकुळपेठभाऊ बरोबर बोलले. भेटल्यावर दाखवत असेल तर आधी न देणं हा गुन्हा नाही. भेटल्यावरही टाळलं, तर मग विषय संपला.

आता हार्डवेअर. सॅमसंगमध्ये *#०*# टाका, चाचणीचं पान उघडतं. लाल, हिरवा, निळा अशी पूर्ण स्क्रीन रंगवून पाहा. अमोलेड स्क्रीनवर कीबोर्डची किंवा वरच्या पट्टीची पुसट छाप उमटलेली असते, ती एकरंगी पानावरच दिसते. टच पूर्ण बोटानं रंगवा, कोपरे सोडू नका. मग वरचा-खालचा स्पीकर, व्हायब्रेशन, सेन्सर.

स्क्रीन बदललेली आहे का, हे एस२३ मध्ये ओळखायला सोपं. त्याचा बोटाचा ठसा काचेखाली आहे. स्वस्तातली कॉपी स्क्रीन टाकली की ठसा लागतच नाही. विकणारा म्हणेल "मी पॅटर्नच वापरतो, ठसा कधी ठेवला नाही." तुम्ही तुमचा ठसा टाकून पाहा. दुसरं, फोन घेऊन उन्हात उभे राहा. आपल्या नागपूरच्या उन्हासारखं टेस्टिंग मशीन नाही. ओरिजिनल स्क्रीन बाराच्या उन्हात वाचता येते, कॉपी काळीठिक्कर.

सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारा, पाणी गेल्याची पट्टी लाल-गुलाबी झाली असेल तर फोन आंघोळ करून आलाय. मागच्या काचेच्या कडेनं नख फिरवा. कुठे गोंद लागला, कुठे काच किंचित वर उचललेली लागली, तर एक तर फोन उघडलाय किंवा बॅटरी फुगलीय. एकदा उघडला की ते आयपी६८, म्हणजे पाण्या-धुळीपासूनचं संरक्षण, वगैरे विसरा. बॅटरीचं म्हणाल तर उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून चार्जिंगला ठेवलेला फोन आणि ऑफिसच्या एसीत वाढलेला फोन, दोघांचं वय सारखं असलं तरी बॅटरी सारखी नसते. माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्या एप्रिल-मेमध्ये जास्त येतात. सॅमसंग मेंबर्स ॲपमध्ये बॅटरीची तपासणी आहे, ती चालवा. आणि विकणारा दिवसभर गाडीवर फिरणारा आहे का, हे गप्पांत काढून घ्या.

एक कॉल करा, लांबलचक. कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का, समोरच्याला आवाज नीट जातो का. मग स्पीकरवर. माइक गेलेला फोन गाण्यांना छान वाजतो.

प्रतापनगरची_मावशी · शुक्रवार, सकाळी ११.१५

मी धागा वाचतेच फक्त, पण हे सांगितल्याशिवाय राहवेना. लेकीसाठी फोन पाहत होते. एकानं सांगितलं, मी फौजेत आहे, कामठीला होतो, अचानक बदली झाली, म्हणून स्वस्तात देतोय. गणवेशातला फोटो, कँटीनचं कार्ड, सगळं पाठवलं. आपल्याकडे कामठीला लष्कराचं केंद्र आहे, इकडे वायुसेना नगर, त्यामुळे खरंच वाटतं हो. फोन "पार्सलनं" येणार, मी आधी २ हजार पाठवायचे. पाठवले. मग म्हणे गेट पासचे आणखी ३,५००, ते परत मिळतील, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे परतावा तुमच्या खात्यात येईल. तिथे माझी लेक ओरडली, "आई, पैसे घ्यायला कोणी स्कॅन करतं का?" पिन टाकायचीच बाकी होती.

२ हजार गेले ते गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तक्रार घेतली. उशीर केला होता मी, लाजेनं दोन दिवस कोणाला सांगितलंच नाही.

वऱ्हाडी_वकील · शुक्रवार, दुपारी १.४०

मावशी, लिहिलंत ते फार बरं केलंत. १९३० ला जितक्या लवकर फोन, तितकी पैसे मधेच अडकवायची शक्यता जास्त. लाज त्या भामट्याला वाटायला पाहिजे.

तर्रीपोहे_डबल · शुक्रवार, दुपारी १.५२

खऱ्या फौजीची बदली झाली तर तो फोन विकतो का फ्रिज?

हिंगणा_टी_पॉइंट · शुक्रवार, संध्या. ६.३०

राहीभाऊ, भेटायचं कुठे ठरलं? मी म्हणतो बर्डीच्या मेट्रो स्टेशनखाली, भर गर्दीत.

मोदी_नंबरवाला · शुक्रवार, रात्री १०.३०

गर्दीत रिसेट आणि सेटअप होत नाही. त्याच्या घरी जा. ज्यानं घर दाखवलं तो पळून जात नाही. शेजारी त्याला नावानं हाक मारतात का, तेही दिसतं.

प्रतापनगरची_मावशी · शनिवार, सकाळी ७.५०

पुरुषांना सोपं आहे म्हणणं. माझी लेक अनोळखी घरी जाणार नाही. आम्ही तर बँकेच्या शाखेत भेटायचं ठरवतो, दिवसाढवळ्या, दोघी जणी. तिथे बसायला जागा असते आणि कॅमेरेही.

मोदी_नंबरवाला · शनिवार, सकाळी ९.०५

हे मान्य. बँक उत्तम.

रामनगरचा_राही · रविवार, दुपारी २.४०

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिला.

घरी गेलो, पहिला मजला, बाहेर तुळस, पोरगं क्रिकेटची बॅट घेऊन फिरत होतं. माणूस बोलायला गोड. फोन खरंच सुंदर. *#०६# केलं, बॉक्सशी जुळला. १४४२२ ला मेसेज टाकला, दोन्ही नंबर ठीक. उन्हात गॅलरीत उभा राहिलो, स्क्रीन एकदम स्वच्छ. ठसा लागला. माझ्या मनात तर लाडू फुटायला लागले होते. बिल मात्र साल्याच्या नावावर निघालं. साला पुण्याला.

मी म्हटलं, चला रिसेट करू. तो म्हणाला, "घरी जाऊन करा ना निवांत." मी मोदीभाऊंचं वाक्य फेकलं, मला दोन तास वेळ आहे. त्यानं जरा तोंड वाकडं केलं, पण पिन टाकला, दोन्ही अकाउंट काढली, रिसेट झाला. माझा हॉटस्पॉट दिला. भाषा निवडली, पुढे गेलो, आणि मधेच एक पान आलं. हा फोन एका वित्त कंपनीकडे नोंदलेला आहे आणि हप्ता थकला तर तो लॉक केला जाऊ शकतो, अशा अर्थाचा मजकूर. मी वर पाहिलं तर तो खिडकीबाहेर पाहत होता.

मग गोष्ट बाहेर आली. फोन साल्यानं हप्त्यावर घेतलेला, हप्ते दोनच उरलेत म्हणे. "ते भरून टाकीन, तुम्ही पैसे द्या. नाहीतर बर्डीत माझा एक ओळखीचा आहे, तो हे ॲप उडवून देतो." त्याची बायको चहा घेऊन आली होती. चहा घेतला, कारण नाही म्हणणं जिवावर आलं, आणि निघालो.

वाईट याचं वाटलं की माणूस लबाड वाटत नव्हता. अडलेला वाटला.

मोदी_नंबरवाला · रविवार, दुपारी ३.२०

बर्डीतला तो ओळखीचा मी नाही, आधीच सांगतो.

बरं झालं नेट जोडलं. ही कुलपं साध्या ॲपसारखी नसतात, रिसेटनं जात नाहीत. फोनचा नंबर कंपनीच्या सर्व्हरवर असतो, नेट लागलं की तिथून हुकूम येतो. कोणी "उडवून" दिलं तरी पुढच्या अपडेटला परत येतं, मग तुम्ही हप्ते भरा नाहीतर फोन उशीखाली ठेवा. पुढच्या वेळी रिसेटच्या आधीच सेटिंगमध्ये डिव्हाइस ॲडमिन ॲप्सची यादी उघडून पाहा, बहुतेक वेळा तिथे नाव दिसतं. हप्त्यावरचा फोन घ्यायचाच असेल तर कर्ज फिटल्याचं नाहरकत पत्र हातात, कुलूप निघालेलं डोळ्यांसमोर, मग पैसे.

वऱ्हाडी_वकील · रविवार, संध्या. ५.१०

आणि बिल साल्याचं असेल तर सही साल्याची. मेहुण्याची सही चालत नाही, चहा कितीही चांगला असो.

वर्ध्याचा_पोट्टा · रविवार, संध्या. ५.३०

मामा झाला, साला झाला. आता काका कोणाचा येते पाहू.

मिहान_नाइट_शिफ्ट · रविवार, रात्री ११.५५

आयफोन घेणाऱ्यांसाठी दोन ओळी, धागा शोधून येतील म्हणून. सेटिंग, जनरल, अबाउट. मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर एम असेल तर नवा म्हणून विकलेला, एफ असेल तर रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेला, एन म्हणजे बदलून दिलेला. "पेटीपॅक एकदाच वापरलाय" म्हणणाऱ्याचा फोन एन निघाला होता माझ्यासमोर. त्याच पानावर पुढे पार्ट्स आणि सर्व्हिसचा इतिहास असतो, बॅटरी किंवा स्क्रीन बदलली तर तिथे नोंद. आयफोन १४ पासूनचा अमेरिकेतला असेल तर त्याला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. आणि फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून ॲपल आयडी काढल्याशिवाय एक पैसा देऊ नका, ते कुलूप गुगलच्यापेक्षा चिवट आहे.

रामनगरचा_राही · पुढचा शनिवार, रात्री ८.२०

घेतला!

त्रिमूर्तीनगरच्या एक ताई, बँकेत आहेत, भावानं नवीन फोन दिला म्हणून जुना विकत होत्या. एस२३ च, २५६ जीबी. बिल त्यांच्या नावावर, फेब्रुवारी २०२३ मध्ये मॉडेल आलं तेव्हाच्या पहिल्या उन्हाळ्यातलं. २७ मागितले, २५,८०० ला ठरलं. मागच्या काचेवर एका कोपऱ्यात बारीक तडा आहे, त्यांनी फोटोत स्वतःहून गोल करून दाखवला होता. तो गोल पाहूनच मी अर्धा विश्वास ठेवला.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वेळ सॅमसंग अकाउंटनं घेतला. त्यांना पासवर्ड आठवेना. दोनदा चुकला, मग ईमेलवर कोड, तो ईमेल जुन्या ऑफिसचा. शेवटी मुलगा क्लासवरून आला, त्यानं पाच मिनिटांत काढून दिलं. तोवर मी संत्रा बर्फी खाल्ली. त्या एकदा म्हणाल्या, "राहू द्या ना, नंतर काढते मी." माझ्याही तोंडावर "चालेल" आलं होतं, खोटं कशाला बोलू. एवढ्या चांगल्या बाई, त्यांच्यावर काय अविश्वास दाखवायचा? पण थांबलो.

रिसेट, नेट, होम स्क्रीन, कॉल, सगळं झालं. आधी यूपीआयनं १ रुपया पाठवला, नाव बिलाशी जुळलं, मग उरलेले. वकीलसाहेबांचा कागद मी घरूनच लिहून नेला होता. ताईंनी चष्मा लावून पूर्ण वाचला, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि त्यांच्यासाठीही एक प्रत मागितली. म्हणाल्या, उद्या तुम्ही या फोनवरून काही उद्योग केले तर मला दाखवायला नको का? हे मला सुचलंच नव्हतं.

वऱ्हाडी_वकील · शनिवार, रात्री ८.४५

ताई वकील शोभल्या असत्या.

गोकुळपेठ_विक्रेता · शनिवार, रात्री ९.०५

शाब्बास ताई. विकणाऱ्याचीही बाजू असते, हेच म्हणत होतो मी.

मिहान_नाइट_शिफ्ट · शनिवार, रात्री ९.३०

अभिनंदन. सॅमसंगनं या मॉडेलला ५ वर्षं सुरक्षा अपडेट कबूल केलेत, म्हणजे २०२८ च्या सुरुवातीपर्यंत निवांत.

रामनगरचा_राही · शनिवार, रात्री ९.४०

एकच राहिलं. ताईंचा चार्जर जुना, त्यावर फार हळू चार्ज होतो. बॉक्समध्ये तर कंपनीनं दिलाच नव्हता. २५ वॅटचा ओरिजिनल बर्डीत कुठे मिळेल? फुटपाथवर २५० ला "ओरिजिनल" म्हणून दिसला.

मोदी_नंबरवाला · शनिवार, रात्री १०.५०

२५० चा घेतलात तर पुढच्या मे महिन्यात बॅटरी बदलायला माझ्याकडेच याल. सोमवारी दुपारी चारनंतर या, मीटर लावून दाखवतो कोणता किती वॅट ओढतो ते. आणि तो काचेचा तडा पण आणा, पावसाळ्याआधी बंद करून देतो.